गालावरची लव

"हे औषध बंद करा," ऊ थाऊंगने दारातूनच सांगून टाकलं.

डॉक्टरीण खिन लेइने आधी त्याच्या बायकोला खुर्चीत बसवलं. न्यो म्या रस्ताभर नवऱ्याचा कोपर धरून आली होती. काचबिंदूने तिचा डावा डोळा कधीच गेला होता. उजव्या डोळ्यात रोज संध्याकाळी एक थेंब घालायचा. तिची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, म्हणून तो ऊ थाऊंग घालायचा.

"परवा हिने माझं बोट गालावर फिरवलं, डॉक्टर सयामा. चक्क केस. शेजारीण विचारते, मिशी वाट चुकली का?"

न्यो म्या खाली बघून हसली.

डॉक्टरिणीने ओल्या कापसाने तिच्या गालावरचा थानाखाच्या सालीचा लेप पुसला. खाली सुपारीएवढा काळसर डाग, त्यावर मऊ लव.

"थेंब जिथे पडतो तिथली कातडी काळवंडते, लव येते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी हिला."

"मला बोलली नाहीस," ऊ थाऊंग बायकोला म्हणाला.

डॉक्टरिणीने सांगितलं की थेंब थांबवला तर लव जाईल, पण उरलेला डोळाही जाईल. मेजावरची किटली उचलून त्याने चहा ओतला. निम्मा पेल्याबाहेर सांडला.

"या किटलीची चोच वाकडी आहे," तो म्हणाला. "ठीक. डोळा महत्त्वाचा. थेंब मी घालीन. चाळीस वर्षं बिलू बेटाची होडी चालवतोय. रोज तीस माणसं माझ्या भरवशावर नदी ओलांडतात. हात चुकत नाही माझा."

डॉक्टरिणीने तिच्या डोळ्याचा दाब मोजला. अगदी योग्य होता.

"बघा," ऊ थाऊंग म्हणाला.

ती मात्र डागाकडेच बघत होती. डाग डोळ्याखाली नव्हता, पार कानाजवळ होता.

"इथे पडतोय थेंब. मग दाब उतरला कसा?"

"डोळ्यातला थेंब शेजारीण घालते, सकाळी," न्यो म्या म्हणाली. ती उठली, नवऱ्याचा कोपर धरून त्याला वळवलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. "आता यांचे डोळे तपासा, सयामा. यांना इथवर आणायला मला आठ महिने गालावर लव वाढवावी लागली."