कारल्याच्या मांडवावरची लांब तार

रतनसिंग जमादार मळ्यात कारली निवडत होता आणि त्याच्या पाठीमागच्या बैलांच्या कोठ्यात जगदेव श्वास धरून बसला होता.

बेचाळीसची धामधूम होऊन वर्ष उलटलं होतं. चळवळीतली काही पोरं पैनगंगेपल्याड, निजामाच्या हद्दीत लपली होती. पोलीस कोणत्या गावावर जाणार, हे जगदेव त्यांना बिनतारी यंत्रावरून सांगायचा. बातमी आणायची त्याची थोरली बहीण प्रयागबाई. वाशिमच्या पोलिसांच्या खानावळीत भाजी तीच घालायची. एक निरोप चुकला, की पोरं गेलीच म्हणायची.

आपला आवाज वाशिमच्या ठाण्यात ऐकू जाऊ नये म्हणून जगदेवनं नागपुरात शिकलेली युक्ती केली होती. अनसिंगच्या या मळ्यात, कारल्याच्या मांडवावर त्यानं तीन तारा ओळीनं ताणल्या. मधली बोलणारी, आखूड नदीच्या अंगाला. सगळ्यांत लांब तार उत्तरेला, वाशिमच्या अंगाला. ती आवाज अडवायची आणि दक्षिणेला नदीकडे लोटायची. पोलीस त्याला चेहऱ्यानं ओळखत, म्हणून दिवसा तो कोठ्याबाहेर पाऊल टाकत नसे.

आता वेलांना यातलं काय कळणार? पावसाळ्यात नदीकडच्या अंगाला ते असे माजले की मांडव वाकला. प्रयागबाईनं लांब तार सोडून तिकडे बांधली, तिकडची आखूड इकडे घेतली. तार ती तार, तिला वाटलं. भावाला सांगायचंही राहून गेलं.

निरोप मात्र पोचत होते. पोरांचा निरोप घेऊन नदीपल्याडहून आलेल्या सेवादासनं सांगितलं, एकही पोरगा सापडला नाही. फक्त बोलणं हल्ली उशिरा येतं आणि आवाज घोगरा लागतो. यंत्रच जुनं झालं, जगदेव म्हणाला, आणि तो विषय तिथंच मिटला.

वाशिमचं बिनतारी ठाणं रतनसिंगच्या हाती होतं. चळवळीचं यंत्र हुडकायलाच त्याला तिथं आणलं होतं. दर बाजाराला तो मळ्यावर यायचा आणि तंबाखूनं बसलेल्या घशानं भाव करायचा.

आज त्यानं मान वर करून मांडव न्याहाळला.

"लई तारा लावल्या, बाई."

"कारल्याचा वेल जड असते," प्रयागबाई म्हणाली. त्यानं निवडलेली कारली तिनं त्याच्या पिशवीत भरली.

जमादारानं मान डोलावली, पिशवी उचलली आणि तो बांधापर्यंत गेला. तिला हायसं वाटलं. तेवढ्यात तो मागं फिरला. सरळ कोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. आता सारं संपलं, असं तिला वाटलं.

रतनसिंग बंद दाराकडे बघून हळू आवाजात बोलला.

"जगदेवभाऊ, थे लांब तार पयल्यासारखी उत्तरेले बांधा. तुमचं सारं बोलणं वाशिमलेच येऊन राह्यलं. आतापावतर मीच थे नदीपल्याड सांगत होतो, पण उद्या माही बदली हाये."