झेंड्यावरची खोळ

सकाळीच राष्ट्राध्यक्षांकडून चहाचं बोलावणं आलं आणि परराष्ट्रमंत्र्यांच्या बायकोनं त्यांना जाऊ नका म्हणून विनवलं. परवा असाच चहा प्यायला गेलेले अर्थमंत्री अजून परतले नव्हते. "अगं, राजदूत असताना दुसरं काय केलं? चहाच तर प्यायलो," मंत्री हसले, पण टायची गाठ काही त्यांना जमेना. शेवटी तिनंच ती बांधून दिली. दारात त्यांचा जुना ड्रायव्हर गाडी घेऊन उभा होता. वकिलातीत असल्यापासून तो त्यांच्याच गाडीवर. सरकारी गाडीचे सगळे रिवाज त्याला त्यांनीच शिकवलेले. गाडी बंगल्याच्या फाटकाबाहेर पडली, तेव्हा मंत्र्यांचं लक्ष बॉनेटवरच्या छोट्या झेंड्याकडे गेलं. "अरे, झेंड्यावरची खोळ काढायला विसरलास की!" ड्रायव्हरनं समोरच्या आरशात पाहायचं टाळलं. "विसरलो नाही, साहेब." त्यानं गिअर बदलला. "तुम्हीच शिकवलंत ना, मंत्री गाडीत असतील तरच खोळ काढायची."