यजमानांचा फोटो

इंटिरियरवालीनं मागच्या खोलीचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

"अहो काकू, ही खोली तर तुम्ही दाखवलीच नाहीत!"

"ती आमची आहे," काकू म्हणाल्या. "पाहुण्यांची नाही."

खरं तर ती दोघांची नव्हती, एकट्या काकूंची होती. अरुंद पलंग, शिवणयंत्र आणि खिडकीतून दिसणारं तळं. काका बैठकीतल्या सोफ्यावर झोपायचे, आणि घर पाहुण्यांनी भरलं की गच्चीवरच्या खोलीत. दोघांत बोलणं व्हायचं ते चादरी, गिझर आणि न्याहारीला माणसं किती, एवढंच. भांडायचंसुद्धा केव्हाच थांबलं होतं. पण घर दोघांच्या नावावर होतं, आणि सुट्टीला येणाऱ्यांना ते भाड्यानं देऊन पोट चालायचं तेही दोघांचं.

यंदा बुकिंग मंदावलं होतं. खालच्या वळणावर दोन नवी घरं भाड्यानं निघाली होती, त्यातल्या एकात तर स्विमिंग पूल. म्हणून काकांनी इंटिरियरवालीला बोलावलं होतं, आणि तिनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. जाड पडदे उतरले. पांढरे दिवे जाऊन पिवळे आले. बैठकीतलं घड्याळ तिनं स्वतः स्टुलावर चढून काढलं. "सुट्टीवर आलेल्या माणसाला वेळ दाखवायची नसते," म्हणाली. काका प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते.

आता ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. "घरातली सगळ्यात चांगली खोली, आणि इथं तुम्ही शिवणयंत्र ठेवलंय! ही जोडप्यांना द्यायची. खिडकीला लागून बाथटब. तुम्ही दोघं वर जा. गच्चीवरची खोली दोघांना पुष्कळ झाली."

"वर एकच पलंग मावतो," काकू म्हणाल्या.

"मग? एकच लागतो ना?" ती हसली.

काका तळ्याकडे बघू लागले.

"आणि मी रुसले तर कुठं जायचं?" काकूंनी थट्टेनं विचारलं.

"तुम्ही आणि रुसणार? काहीतरीच!" इंटिरियरवालीनं फोन काढला. "पाहुण्यांनी काय लिहिलंय ते वाचलंय का कधी? ऐका. 'घर साधंच आहे, पण यजमानांना बघून डोळे निवले. काका चहा ओततात, काकू साखर घालतात, आणि एका शब्दाची गरज पडत नाही. असं म्हातारपण आम्हालाही मिळो.'"

म्हातारपण म्हटल्यावर काका खाकरले.

"लोक भिंतींचे रंग बघायला येत नाहीत हो. तुम्हाला बघायला येतात. पूल त्यांच्याकडे असेल, पण तुमच्यासारखं जोडपं कुठून आणणार ते? आता पहिला फोटो घराचा नाही, तुमचा लावायचा."

काकू आजच काकांना सांगणार होत्या. न्याहारी झाली की कप विसळता विसळता सांगायचं, की मी थोरल्या ताईकडे जातेय, चार दिवसांसाठी नाही, राहायलाच. वाक्य मनात घोटून घोटून गुळगुळीत झालं होतं. पण कप विसळायच्या आधीच बेल वाजली होती.

इंटिरियरवालीनं सोबत आणलेल्या फोटोग्राफरनं दोघांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं.

"काका, जरा सरका. अजून. अहो, परक्यासारखे काय बसलाय? हात ठेवा काकूंच्या खांद्यावर."

हात आला. तो याआधी कधी आला होता, ते काकूंना काही केल्या आठवेना. जड होता.

"आता माझ्याकडे बघू नका. हसत हसत आपसात काहीतरी बोला."

ओठांवरचं हसू तसंच ठेवून काका हळू आवाजात म्हणाले, "ताईंचा फोन आला होता."

काकूंचंही हसू जागच्या जागी राहिलं. "कधी?"

"काल. तू आंघोळीला गेली होतीस. खोली तयार ठेवलीय म्हणाल्या. कधी येतेस, विचारत होत्या."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, तिचं येणं रद्द झालं."

"वा!" फोटोग्राफर ओरडला. "मस्त येतंय. बोलत राहा, थांबू नका."

काकूंनी खांदा सोडवून पाहिला. हात हलला नाही.

"मला न विचारता?"

"तू विचारलं होतंस मला?" काका कानाशी वाकले. "तू गेलीस तर मी एकट्यानं कुणापुढं चहा ओतू? कोण येईल बघायला? मलाही जीव नकोसा होतो गं इथं. पण मला बोलावणारी बहीण नाही."

आतून काहीतरी फरफटत नेल्याचा आवाज आला. इंटिरियरवालीची माणसं मागची खोली रिकामी करायला लागली होती. काकूंनी वळून बघायला मान हलवली.

"नाही, नाही, काकू! मान काकांकडेच. बस, आता हलू नका."

काकू हलल्या नाहीत.

कॅमेरा बरंच काही टिपत राहिला. मग इंटिरियरवालीनं त्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"हाच. हाच पहिला लावायचा. काकू, खरं सांगा, काय बोलत होतात हो एवढं गोड?"

काकांचा हात अजून खांद्यावरच होता.

"काही नाही गं," काकू म्हणाल्या. "घरचंच."