१९९४ साली तलावावर काय झालं

माणूस जनावरांहून वेगळा झाला तो ‘का’ या एका प्रश्नामुळे. वाशिमला पाटणी चौकात, सायकलच्या दुकानावरच्या माडीवर, मुबश्शिर सर या प्रश्नाचे गुण कापत.

सरांचा क्लास परदेशात नोकरीला निघालेल्यांच्या इंग्रजी परीक्षेचा. तिच्यात एक आलेख देतात आणि दिसतं ते दीडशे शब्दांत लिहायला सांगतात. मत द्यायचं नाही, कारण द्यायचं नाही. बाकीच्या चुका सर महिनाभरात काढून टाकत. आलेख वाढत नसतो, त्यातली माणसं वाढतात. प्रत्येक घसरण काही ‘ड्रास्टिकली’ होत नाही. हे सगळं पोरांच्या अंगवळणी पडे. कारणांचं मात्र काही केल्या जमत नसे. कामरगावच्या एकानं कुठल्याशा देशात कॉफीचा खप उतरल्याचं खापर व्यापाऱ्यांवर फोडलं होतं. त्यांची नावं द्यायची तेवढी बाकी ठेवली होती.

धम्मदीपाचं दुखणं जुनं होतं. मूळची अनसिंगची, वाशिमच्या एका खासगी दवाखान्यात सहा वर्षं स्टाफ नर्स. तिला लेखनात नऊपैकी साडेसहा हवे होते. दोनदा सहा आले. परवा नागपूरला तिसरी खेप. त्यानंतर तिला नोकरी देऊ केलेलं परदेशातलं हॉस्पिटल थांबणार नव्हतं. तसं त्यांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं.

सरांनी तिचा सरावाचा कागद पुढे ओढला. आलेख होता एका परदेशी शहरातल्या पोहण्याच्या तलावाचा. कोणत्या वर्षी किती लोक आले, त्याची रेघ. १९९४ ला ती धाडकन खाली आली होती आणि पुढच्याच वर्षी पुन्हा वर गेली होती. धम्मदीपानं स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं की त्या साली बहुधा कोणीतरी बुडालं आणि लोकांनी धसका घेतला.

“कोण बुडालं?” सरांनी विचारलं.

“मले काय मालूम, सर. पण कोणी बुडाल्याबिगर एवढे लोक काहून येनं सोडतीन?”

“आलेखात मय्यत दिसून राह्यली का तुले?”

“नाई.”

“मग खोड.”

तिनं खोडलं. पेन मात्र तिथंच टेकवून ठेवलं. “सर, वार्डात पेशंटचा बीपी डाऊन झाला अन् मी नुसतं ‘डाऊन झाला’ लिहून ठेवलं, तर डॉक्टर मले ठेवतीन का? ते पयले काहून झाला, हे इचारतात.”

“परीक्षक डॉक्टर नाही ना, बाई. त्याच्याकडे पेशंट गेला तरी चालतो, वाक्य वाचलं पाहिजे.”

“बरं, जाऊ द्या. पण मंग पुढच्या साली लोक वापस कसे आले? बुडालेलं मानूस एका सालात इसरले?”

सरांनी चष्मा काढला. सात वर्षं ते हा आलेख शिकवत होते. रेघ पुन्हा वर जाते, हे त्यांनी दर बॅचला फळ्यावर लिहून दिलं होतं. कशी जाते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आता आलं, ते निघेना.

“पाणी खराब झालं असेल,” ते म्हणाले. “मग बदललं.”

“बदलायले साल लागते?”

“मरम्मत निघाली असेल.”

“मंग तलाव बंद असता. शून्य पायजे होतं. इथं तं चार हजार लोक आले.”

बरोबर होतं. सरांनी ते चार हजार लोक बोट ठेवून पुन्हा तपासले.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापणाऱ्याचा अकोल्याचा नंबर होता. “एकदा कळलं की तुझ्या डोक्यातून जाईल,” असं म्हणून सरांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिच्यासाठीच लावतोय, असं त्यांनी स्वतःलाही सांगितलं. उचलणारा म्हणाला, मी जगदेव, कॉम्प्युटरवर पानं लावतो.

“जगदेवभाऊ, पान एक्केचाळीस. तलाव. चौऱ्याण्णवले रेघ खाली काहून गेली?”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

“ते होय! ते मीच केलं. हेडिंग लंबं होतं. त्याची दुसरी ओळ मधात उतरली, अन् रेघ तिच्यात घुसून राह्यली होती. म्हनून तेवढी खाली घेतली.”

“अन् ते चार हजार लोक?” धम्मदीपानं वाकून विचारलं.

“रेघ खाली घेतली तं आकडा बदलाच लागते ना, ताई.”

फोन बंद झाला. मग धम्मदीपानं कोरा कागद घेतला आणि अठरा मिनिटांत लिहून दिलं. १९९४ ला संख्या चार हजारांवर आली, १९९५ ला पुन्हा वाढली. कोणी बुडालं नाही, कोणी पाणी बदललं नाही. सरांचं लाल पेन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि कुठंही न टेकता खिशात जाऊन बसलं.

“आता येतात साडेसहा,” ते म्हणाले.

नागपूरला रेल्वेच्या प्रवाशांचा आलेख आला. एका वर्षी प्रवासी निम्म्यावर आले होते. धम्मदीपानं निम्म्यावर आले एवढंच लिहिलं, आणि बाहेर पडल्या पडल्या सरांना फोन करून सांगितलं. सर म्हणाले, शाबास.

आठव्या दिवशी निकाल मोबाईलवर आला. लेखन : सहा.

माडीवर दोघांनी तो पडदा बोटानं खालपर्यंत सरकवून पाहिला. खाली काही नव्हतं. त्या परीक्षेच्या निकालात फक्त आकडा देतात.