दहा मिनिटांचं काम

अरे ऐका तर! आमच्या किराणा मागवायच्या अ‍ॅपमध्ये शाल्मलीने आणि मी एक छोटा इंटरप्रिटर बसवला. म्हणजे काय, तर सवलतीचे नियम बदलायचे असले की फक्त सर्व्हरवरची स्क्रिप्ट बदलायची, लगेच सगळ्यांच्या फोनमधलं अ‍ॅप तसं वागायला लागतं. नवीन व्हर्जन काढा, अ‍ॅप स्टोअरच्या मंजुरीची वाट बघत बसा, ही कटकटच संपली! आम्ही पेढे वाटले यार.

आणि मग कळलं, त्या वाट बघण्यातच आमची झोप होत होती. आमच्या ऑफिसच्या सरांना आता जेवताना सुचतं, दाढी करताना सुचतं. "तुपावर सूट द्या. नको, काढा. बरं, फक्त नाशिकला द्या."

परवा शनिवारी शाल्मली बॅग घेऊन उठली. दुसऱ्या दिवशी कराडला तिच्या भाचीचं बारसं, आणि ही एकुलती एक आत्या, बाळाच्या कानात नाव हिनेच सांगायचं. तेवढ्यात सर आले. "उद्या थांब गं. रव्याची ऑफर तासातासाला बदलून बघू. दहा मिनिटांचं तर काम असतं तुमचं."

मला वाटलं, रडते आता. पण ती इतकी दमली होती, की तिला रडूही येईना. शांतपणे म्हणाली, "सर, हे स्क्रिप्टमधून नाही व्हायचं. नवीन व्हर्जन काढावं लागेल. मंजुरीला दोन दिवस."

धादांत खोटं! सरांनी माझ्याकडे बघितलं. "खरं का रे?"

मी डोळे चोळत म्हणालो, "तीन धरा, सर."