मेणाऐवजी चरबी

सेलेदोनियाच्या परातीला फायबर असं चिकटून बसलं होतं की तिच्या लेकानं, एलॉयनं, पाचर ठोकली तरी सुटेना. शेवरलेच्या डिकीवरच्या स्टेपनीला झाकण करायला त्यानं परातीचाच साचा केला होता. “मेण लावलंस ना?” “संपलं होतं, आई. चरबी फासली.” “मेल्या, चरबीनं मक्याचे तमाले पानातून सुटतात, फायबर नाही! ते घट्ट होताना तापतं, चरबी ओघळते.” उद्या ईस्टर, एस्पान्योला गावात नटलेल्या गाड्यांची मिरवणूक. एलॉयनं हातोडा उचलला. झाकण फोडलं तरच परात वाचणार होती, नाहीतर नाताळात तमालेचं पीठ मळायला नणंदेपुढं हात पसरायचा. तिनं झाकणावरून तळवा फिरवला. पुट्टी भरून, घासून घासून पोरानं ते गालासारखं गुळगुळीत केलं होतं. “ठेव तो हातोडा,” ती म्हणाली. “परातीसकट बसव.” “आणि नाताळात?” “डिकीवरचं झाकण उघडून परातीतच मळीन. तुझ्या आत्याकडं आहे का असली चार चाकांची परात?”