कुणीच सोडून जात नाही

अमेरिकेत बॉथेलच्या आमच्या ऑफिसात आज दुसऱ्या एका कंपनीची माणसं शिकायला आली होती. त्यांच्याकडे कुणी वर्षभरसुद्धा टिकत नाही, आणि आमच्या टीममधून इतक्या वर्षांत एकही माणूस गेलेला नाही. हे आम्हाला कसं जमतं, ते त्यांना समजून घ्यायचं होतं.

आमची मॅनेजर लिंडा कितीतरी वेळ बोलत होती. माणसांवर विश्वास टाका, त्यांचं ऐकून घ्या, शुक्रवारी पिझ्झा मागवा. पाहुणे भराभर लिहून घेत होते. पुण्या-नागपूरकडून कंपनीच्या व्हिसावर आलेले आम्ही पाच जण मागे बसून माना डोलावत होतो. त्याची आता सवयच झालीय.

तेवढ्यात शेजारच्या गुरुनाथचा फोन थरथरला. त्यानं मेसेज वाचला, परत वाचला, मग चष्मा काढून डोळे पुसले. मी वाकून पाहिलं आणि भर मीटिंगमध्ये त्याला मिठी मारली. बाकीचे तिघंही उठून त्याच्याभोवती गोळा झाले. रेणू तर चक्क रडायलाच लागली.

"पाहिलंत?" लिंडा भरल्या आवाजात पाहुण्यांना म्हणाली. "आम्ही नुसती टीम नाही, कुटुंब आहोत."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजात मी गुरुनाथच्या कानाशी पुटपुटले,



"सुटलास रे एकदाचा! ग्रीन कार्ड झालं, आता राजीनामा कधी देतोयस?"